गोड म्हणून दिलेलं वाण

लातूर
२० जानेवारी २०२५

ती. नीलाआत्यास,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फोनवर बोलायला लागले की थोरल्या जाऊबाई, महानंदाताई, दारातच उभ्या असतात, म्हणून पत्र.

तू दिलेलं रंगीत मिरच्यांचं बी मी तू शिकवलंस तसं राखेत घोळून, ओल्या पोत्याखाली रुजवलं. गच्चीवर दुधाच्या पिशव्यांत रोपं वीतभर झाली होती. काल संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊबाईंनी एक स्वतःला ठेवून बाकी सगळी वाण म्हणून वाटून टाकली. मला विचारलंही नाही. वर सांगितलं की रोपं त्यांनीच वाढवली, जांभळ्या-पिवळ्या गोड मिरच्या येतील, लेकरंही कच्च्या खातील. शेजारच्या मंजुषाताईंनी माझ्याकडे पाहिलं, तर जाऊबाई म्हणाल्या, ही नुसतं पाणी घालायची, तेही आठवण केल्यावर. सासूबाईंनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. मी तिळगूळ वाटत राहिले.

आत्या, मला याचा बदला घ्यायचा आहे. लिहिताना भीती वाटते, पण ओळ खोडत नाही.

लोभ असू दे. या वेळी जरा जास्तच लागेल.

तुझी,
सृष्टी


नांदेड
२८ जानेवारी

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकर करपली. गोड म्हणे! आमच्या रामलिंगनं पैजेवर त्यातली अर्धी पिवळी मिरची खाल्ली होती, तर दिवस मावळेपर्यंत नळाखाली तोंड धरून बसला होता.

तू कायबी करू नको. गप ऱ्हा. मिरच्या लागू दे, गल्लीतल्या बायाच तिची आरती करतील. पण तुझा स्वभाव लई वाईट हाय पोरी. तिखट हायेत म्हणून घरोघर सांगत फिरशील. फिरू नको.

घरच्यांना शरणार्थ, नमस्कार सांग. जाऊबाईला सोडून सांगितलंस तरी चालंल.

तुझी,
नीलाआत्या


लातूर
१४ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

फिरले. मंजुषाताईंची नात रांगते आहे, दिसेल ते तोंडात घालते. माझ्याच्यानं गप बसवेना. मिरच्या धरू लागल्यावर घरोघर जाऊन सांगितलं, फार तिखट आहेत, लेकरांपासून लांब ठेवा. तुला कसं ठाऊक, असं प्रत्येकीनं विचारलं. मग खरं तेच सांगितलं, बी माझ्या आत्याचं, रोपं मी वाढवलेली. जाऊबाईंबद्दल वावगा शब्द काढला नाही. काढायची गरजच पडली नाही.

त्यांना मात्र शेवटी सांगितलं, काल, भिशीच्या बायका घरी जमल्या तेव्हा. एकटीला गाठून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. अगदी हळू आवाजात, हात जोडून म्हटलं, ताई, खाऊ नका.

त्या हसल्या. मी जळते म्हणाल्या. स्वतःच्या कुंडीतली पिवळी मिरची तोडली आणि देठापर्यंत चावून खाल्ली. क्षणभर काहीच झालं नाही. मग नाक, डोळे, सगळं वाहू लागलं. नवी साडी धरून मोरीकडे पळाल्या. बायका त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. मंजुषाताईंनी तिथल्या तिथे विचारलं, सृष्टी, पुढच्या वर्षी बी देशील का गं?

मी दह्याची वाटी नेऊन दिली. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, घरात घट्ट दही होतं.

आमच्याकडे एरवी घरी दही लावत नाहीत, आत्या. मी आदल्या संध्याकाळी मुद्दाम विरजलं होतं.

हे वाचून लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सृष्टी