बाहेरून शाबूत

बुधवार, १७ नोव्हेंबर १९९३. सकाळी ६ वाजून १० मिनिटं.
दुधीची साल काढत होतो. ते काम थांबवून ही वही सुरू केली. शास्त्रीय कामाला नोंद लागते.

विषय : माझी धाकटी बहीण बकुळ, वय १९, हिच्या पित्ताशयातले दोन खडे. एक सात मिलिमीटर, एक नऊ. काल सोनोग्राफीत सापडले. बकुळला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. (स्पेलिंग डॉ. विजयालक्ष्मींकडून लिहून घेतलं. बरोबर आहे.) डॉक्टर म्हणाल्या, अशा मुलांना खडे लहान वयातही होतात, आणि दुखलं तरी ती पटकन सांगत नाहीत, म्हणून वागण्यावर लक्ष ठेवा. २ डिसेंबरला सर्जनना दाखवा, ऑपरेशनची तारीख ठरवू. मधे ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर तारखेची वाट बघायची नाही. शेवटी म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. हे वाक्य अधोरेखित केलं आहे.

ऑपरेशन लागणार नाही. मला भीती वगैरे नाही, पण उगाच कापाकापी कशाला? इंटरला, म्हणजे बारावीला, मला बायॉलॉजी होतं. बेडकापर्यंत झालं. बेडकाच्या दिवशी मला बरं नव्हतं.

योजना : तळलेलं बंद. दुधीचा रस, सफरचंद. दिवसातून तीनदा विचारणे : दुखतं का?

गुरुवार, १८ नोव्हेंबर.
बाजारातून तराजू घेतला. दुधी १५० ग्रॅम, सफरचंद १२०. आई म्हणाली, अरे ती मुलगी आहे, पार्सल नाही. आईला कळत नाही की पद्धत तीच. बाबांच्या जागी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागून मला तीन वर्षं झाली. नग आला की चारी बाजूंनी बघायचा, वजन करायचं, सुतळी तुटलेली नसेल तर शेरा मारायचा : बाहेरून शाबूत. आत काय आहे ते आपण उघडून बघत नाही.

बकुळला विचारलं. नाही म्हणाली. तिन्ही वेळा. शेरा : बाहेरून शाबूत.

रविवार, २१ नोव्हेंबर.
योजनेला धक्का. बकुळ कोपऱ्यावरच्या हलवायाकडे जिलबी खाताना सापडली. ती मेडिकलवाल्यासाठी कागदाच्या पुड्या करते, त्याचे पैसे स्वतःच्या गुल्लकमध्ये टाकते, त्यातूनच हा गैरव्यवहार. हलवायाला सक्त ताकीद दिली. तो म्हणाला, बाबूजी, बिटिया तो नगद देती है, उधारी तो आपकी चल रही है. बकुळचा हात धरून निघून आलो. अशा वेळी संयम राखावा.

बुधवार, २४ नोव्हेंबर.
बुधवारी रात्री टीव्हीवर गाणी लागतात आणि बकुळ नाचते, इतकी की खालच्या शकुंतला भाभी झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात. आज नाचली नाही. पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. आई म्हणाली, काहीतरी बिनसलंय. मी समजावलं की सात्त्विक आहारानं स्वभाव गंभीर होतो.

विचारलं. नाही म्हणाली. बाहेरून शाबूत.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर.
ऐतिहासिक दिवस! परीक्षा घ्यावी म्हणून मी स्वतः पाव किलो जिलबी आणली आणि बकुळपुढे ठेवली. तिनं ताटली परत सरकवली. एकही खाल्ली नाही! दहा दिवसांत एवढी इच्छाशक्ती. जिलबी वाया जाऊ नये म्हणून मी संपवली. उधार.

शनिवार, २७ नोव्हेंबर.
एवढी प्रगती असताना सर्जनकडे जाण्यात अर्थ नाही. आईला सांगितलं की तारीख जानेवारीत गेली. कोणी नेली ते तिनं विचारलं नाही, त्यामुळे मी खोटं बोललो असं म्हणता येत नाही.

बुधवार, १ डिसेंबर.
शेजारच्या इंदुमतीची हळद. बायकांनी बकुळलाही नखशिखान्त माखलं. ती नेहमी सर्वांत पुढे असते, आज भिंतीला टेकून बसली होती. थकली असेल. मीही थकलो आहे.

गुरुवार, २ डिसेंबर. दुपारी १ वाजता, ड्यूटीवर.
आज ती तारीख. काहीही वाटत नाही. दोन टोपल्यांवर उलटी लेबलं लावली.

सकाळी बकुळ अजून पिवळीच होती. हळद उत्तम प्रतीची दिसते. बेसन लावून दोनदा तोंड धुतलं. कपाळाचं निघालं. डोळ्यांचं निघेना. बकुळ म्हणाली, दादा, डोळ्यांत बेसन. आई म्हणाली, हिची लघवी चहासारखी होतेय. पाणी कमी पडत असावं. योजनेत पाणी वाढवलं.

शुक्रवार, ३ डिसेंबर. संध्याकाळ, दवाखान्यातून.
सकाळी जिन्यात शकुंतला भाभींनी अडवलं. काए भैया, हल्दी तो दुल्हन को चढ़ी ती, बिन्नू काए पीरी हो रईं? बकुळ पिवळी का, या प्रश्नावर मी हळदीच्या प्रतीबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, औ आँख के भीतर कौन लगा आओ?

यावर मी पाच मिनिटं विचार केला आणि ठाम निर्णय घेतला की बकुळला ताबडतोब दाखवायचं. निर्णय कळवायला आईला शोधत खाली आलो, तर आईनं बोलावलेली रिक्षा दारात उभी होती आणि बकुळ सँडल घालून आत बसली होती. माझ्याकडे सुटे नव्हते. बकुळनं गुल्लकमधले दिले.

डॉ. विजयालक्ष्मींनी दुखतं का असं विचारलंच नाही. म्हणाल्या, बकुळ, कुठे दुखतं ते दाखव. बकुळनं सरळ उजव्या बरगडीखाली तळवा ठेवला. मग पाठीवर. कधीपासून? म्हणाली, गाणी लागली त्या दिवसापासून. डॉक्टर म्हणाल्या, अगं, मग घरी सांगितलं का नाहीस? बकुळ म्हणाली, दादा रडतो. माझ्या पोटाचा फोटो काढला तेव्हा बाहेर बाकावर रडला. हो म्हटलं की परत रडेल.

मला त्या दिवशी सर्दी होती.

लहान खडा नळीत उतरून अडकला आहे. यकृतातलं पित्त तुंबलंय, म्हणून पिवळी. अन्नावरची वासना उडणं, गप्प बसणं, हीच लक्षणं होती, असं डॉक्टर म्हणाल्या. मी २६ तारखेचं पान उघडलं होतं. मिटलं. आणखी आठवडा गेला असता तर जिवावर बेतलं असतं, असंही म्हणाल्या. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. आई बकुळला घेऊन बाहेर गेली होती, खोलीत मीच होतो.

मंगळवार, ७ डिसेंबर.
ऑपरेशन. सहीचा कागद मी पूर्ण वाचला. एकही चूक नव्हती. तिसऱ्या परिच्छेदात 'छेद' असा शब्द होता. त्यानंतरचं मला आठवत नाही. हनुवटी टेबलाच्या कडेला लागली. तीन टाके.

आई सांगते, बकुळ ट्रॉलीवर होती. तिनं विचारलं, दादाला काय झालं? मग वॉर्डबॉयला ट्रॉली थांबवायला लावून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, घाबरू नको, मी येते लगेच.

दीड तासानं आली.

रविवार, १२ डिसेंबर. सकाळी ८ वाजून २० मिनिटं.
बकुळचे डोळे पांढरे. सकाळी पेज संपवून जिलबी मागितली. डॉक्टर म्हणाल्या, थोडी थांब. आणि मला म्हणाल्या, यकृताची रक्ततपासणी आता दरवर्षी, आणि तारीख मी आईंनाच देईन.

जानेवारीचं खरं आईला सांगितलं. आई म्हणाली, ते मला हळदीआधीच्या सोमवारीच कळलं. मी स्वतः जाऊन विचारून आले, तारीख दोन डिसेंबरचीच होती. हळद आटोपली की नेणार होते. एक दिवस उशीर माझाही झाला. मग बराच वेळ डोळे पुसत होती.

खडे बाटलीत घालून दिलेत. बकुळ येईल त्याला दाखवते. ही वहीही तिनं ताब्यात घेतली आहे, फक्त हिशोबापुरती दिली. दिवसातून तीनदा विचारते, दादा, दुखतं का? मी नाही म्हणालो तर ऐकत नाही, हनुवटी दाबून बघते. आज मी हो म्हणालो. तिनं लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि जवळ बसून राहिली.

खर्च :
तराजू, वजनांसह — ६५ रु.
सफरचंद व दुधी — ११८ रु.
बेसन — ९ रु.
ही वही — ६ रु.
माझी योजना एकूण — १९८ रु.
बकुळचं ऑपरेशन (रेल्वे कर्मचाऱ्याची आश्रित) — काही नाही.

देणं :
हलवाई — १४ रु. (२६ नोव्हेंबरच्या पाव किलोसह)
बकुळ, रिक्षाचे — १२ रु. मागत नाही. जिलबी मागते. मला एकही मिळणार नाही, असं सांगितलं आहे.