छातीतलं वळण

३ फेब्रुवारी १९३८, अमरावती
औषध नाही! डॉक्टरांनी यांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला. "उत्तमराव, हृदयातून निघणारी मोठी नळी इथं वळते. रक्ताचा मार सारखा या वळणावर बसतो. सरळ वाहतं तिथं आतलं अस्तर गुळगुळीत राहतं. इथं झिजलं, अन् भिंत फुगली."
हे म्हणाले, "आपल्या पाटावानीच म्हना. मोटेचं पानी वळनच खाते."
पाटाच्या वळणाला आपण दगड लावतो. इथं काय लावू? पडून राहायचं म्हणे. ओझं नको, राग नको, रडणं तर नकोच — जोर वाढला की फुटेल.

९ फेब्रुवारी
यांच्या गळ्याच्या हाडाखाली तो फुगवटा उडतो. पाहू नये म्हटलं तरी डोळा तिथंच जातो. हे दोनच गोष्टी विचारतात — वांग्याला पाणी दिलं का, अन् शकुन कशी आहे.
लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण घरात हे दुखणं, म्हणून तिला अंजनगावला सासरीच राहू दिलं. मीच ठरवलं.

१७ फेब्रुवारी
शकुनचा निरोप नाही. दिवस तर भरले.

२२ फेब्रुवारी
माझा भाऊ जानराव अंजनगावहून आला. मला विहिरीकडे नेलं. "बाई, शकुन गेली व. लेकरूही नाही राह्यलं."
पदर तोंडात कोंबला. आत आवाज जाता कामा नये! डोळे धुतले, अन् जाऊन भाकरी थापल्या. देवा, कुठं तोंड काळं केलं होतंस?

२३ फेब्रुवारी
लेकीचं सुतक. देवाला शिवता येत नाही. शेजारच्या दुर्गाबाईंकडून दिवा लावून घेतला. यांनी खाटेवरून पाहिलंच — "तू काहून नाही लावत?" हात भाजला म्हटलं. चिंधी बांधून ठेवली.
"जप," एवढंच म्हणाले.

२४ फेब्रुवारी
भूक नाही म्हणतात. भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. आज शकुनचं नावही काढलं नाही. मी सुटले, असं वाटलं. कसली मी आई!

२५ फेब्रुवारी
सकाळी यांनी माझा हात ओढून घेतला. चिंधी सोडली. हात धडच.
"माह्या लेकीचं सुतक तू एकटीच पाळून राहिली?" मग हळूच म्हणाले, "आता मले रडू दे."
मी दार लावून घेतलं. म्हटलं, रडा.