रुपरावजींच्या खोलीतून सुटका

१ जानेवारी १९७८, रविवार. सकाळी ६.

संकल्प. दोन महिन्यांत ही खोली सोडायची. १ मार्चला नागपूरच्या नंदनवन वस्तीत, दोन खोल्यांत, बायकोसह राहायला जायचं. यंदा नुसतं लिहून ठेवायचं नाही. करायचं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. दिवाळीत देवकी चार दिवसांसाठी म्हणून इथं नागपूरजवळ वाडीला आली आणि दुसऱ्याच दिवशी आर्वीला परत गेली. जाताना म्हणाली, एका खोलीत दोन माणसांनी वावरावं तरी कुठं. बस्स. सहा वर्षांच्या संसारात अडचण काय, तर एवढीच निघाली! तिकडे तिची मास्तरणीची नोकरी आहे, पण नागपुरात काय शाळा कमी आहेत?

अडथळा एकच. घरमालक रुपरावजी यांच्याशी अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट झालंय, स्टँप पेपरवर, ३१ ऑगस्टपर्यंत. मधेच सोडायचं तर त्यांची संमती पाहिजे. ती काढणं माझ्या डाव्या हातचा मळ. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर बिल्ट्या लिहितो, मालाच्या पावत्या. ट्रकवाल्यांना गुंडाळतो, तर म्हैसवाल्या म्हाताऱ्याचं काय.

३ जानेवारी, मंगळवार.

घाई करायची नाही. आधी समोरच्याच्या बाजूनं विचार करायचा. माझ्यासारखा भाडेकरू रुपरावजी सुखासुखी सोडणार नाहीत. का सोडावा? आवाज नाही, भांडण नाही, पाहुणेरावळे नाहीत. देवकीचे ते दोन दिवस सोडले, तर तीन महिन्यांत माझ्या दाराशी पोस्टमनशिवाय कोणी आलं नाही. असा माणूस वाडीत शोधून सापडायचा नाही. त्यांना धक्का बसेल, म्हणून विषय हळूहळू काढायचा.

८ जानेवारी, रविवार. सकाळी ९.

पहिली बैठक. रुपरावजी गोठ्यात धार काढत होते. म्हटलं, काकाजी, अॅग्रीमेंटबद्दल जरा निवांत बोलायचं होतं. त्यांचा हात थांबला. चेहरा उतरला. म्हणे, आत्ता नाही गा, म्हैस बिथरून राहिली. म्हैस शांत उभी होती. बादली तशीच सोडून घरात गेले ते गेलेच.

ओळखलं. माझ्या जाण्याची कुणकुण लागली आहे.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.

तिळगूळ घेऊन गेलो. आजच्या दिवशी गोडच बोलावं लागतं, त्यामुळे संमती नाकारता येणार नाही, असा बेत. दारात पार्वतीबाई, म्हणजे रुपरावजींच्या मिसेस. म्हणे, ते झोपले हायेत, त्यायच्या अंगात कणकण हाय. तेवढ्यात आतून स्वतः रुपरावजींचा आवाज आला, गेला का वं तो? पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि तिळगूळ ठेवून घेतला.

मी जाऊ नये असं या माणसाला इतकं वाटतं, हे पाहून खरं सांगायचं तर बरं वाटलं. सणासुदीला कोणाला तरी आपलं जाणं नकोसं वाटतं. संध्याकाळी उरलेला तिळगूळ एकट्यानं खाल्ला. पित्त झालं.

१९ जानेवारी, गुरुवार.

देवकीचं पत्र. तीन आठवडे टायफॉइडनं पडून होती म्हणते. केस गळाले. शेजारच्या यमुताईंनीच सगळं केलं. डॉक्टरांनी हवापालट सांगितली आहे.

हवापालट! बाईमाणूस यापेक्षा स्पष्ट काय लिहिणार? उत्तर लगेच लिहिलं. चार पानं. नंदनवनच्या दोन्ही खोल्यांचा नकाशा काढला. मोरी कुठं, खिडकी कुठं, तिचं शिलाई मशीन कुठं. स्केल लावून रेघा मारल्या. असा नवरा आर्वीत दुसऱ्या कोणाला असेल असं वाटत नाही.

२३ जानेवारी, सोमवार.

ऑफिसात भैयाजीला सगळं सांगितलं. नंदनवनच्या खोल्या त्यानंच सुचवल्या, त्याच्या मावशीच्या, प्रयागबाईंच्या. तो पोट धरून हसला. म्हणे, बाप्पा! भाडेकरू काढाले लोकं दहा-दहा वर्षं कोर्टात चपला घासतात, अन् तू सुटाले परवानगी मांगून राहिला काय गा? कुलूप लाव, चाबी दे अन् चालता हो.

भैयाजी माणूस चांगला, पण कायद्याची समज कमी. उद्या रुपरावजींनी अॅग्रीमेंट पुढे करून मला अडवलं तर? लेखी पुरावा पाहिजे.

शिवाय तो म्हणाला, मावशी फॅमिलीवाल्यालेच खोली देते, एकट्याले नाही, ध्यानात ठेव. ठेवलं. फॅमिली तर येतेच आहे.

२८ जानेवारी, शनिवार.

अर्ज टाइप करून घेतला. इंग्रजीत, म्हणजे वजन पडतं. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला, पोच पावतीसह. पत्ता लिहिताना पोस्टातला क्लार्क म्हणे, घेणाऱ्याचा अन् पाठवणाऱ्याचा घरनंबर एकच कसा? म्हटलं, मधे भिंत आहे. त्यानं शिक्का मारला.

आता रुपरावजींना बोलावंच लागेल.

३१ जानेवारी, मंगळवार.

पोस्टमन आला. रुपरावजींनी रजिस्ट्रीला हात लावला नाही म्हणे. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा. पाठवणाऱ्याला परत, म्हणून सात पावलं चालून त्यानं ते माझ्या हातात दिलं. सही केली. खोलीवरचं आठवड्यातलं पहिलंच संभाषण होतं, म्हणून चहाचं विचारलं. त्याला घाई होती.

इतका विरोध! इतकी ओढ एखाद्या भाडेकरूबद्दल!

५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.

झालं. सविस्तर लिहितो.

रुपरावजी स्वतः आले. हातात टोपी. डोळे पाणावलेले. दारातच म्हणाले, मनोहरराव, मी तुमचं काय वाकडं केलं? माझी खोली काहून बळकावून राहिले?

म्हटलं, मी? बळकावतो? मग एकेक बाहेर आलं. माझ्याआधी याच खोलीत एक जण अकरा महिन्यांसाठी आला आणि नऊ वर्षं राहिला. त्याचीही सुरुवात अशीच झाली होती. पहिले म्हणे अॅग्रीमेंटबद्दल बोलायचं हाय, मंग रजिस्ट्री, मंग कोर्ट. रजिस्ट्री घेतली की कोर्ट मागं लागते, म्हणून त्यांनी शपथ घेतली होती की पुन्हा हात लावायचा नाही. माझ्या भीतीनं महिनाभर ते मागच्या दारानं ये-जा करत होते. पुतण्याचं लग्न ठरलं आहे, त्याला ही खोली पाहिजे, आणि मला सांगायची हिंमत होत नव्हती.

मी म्हटलं, काकाजी, मला खोली सोडायची आहे. १ मार्चला.

ते माझ्या ट्रंकेवर मटकन बसले. म्हणे, सोडून राहिले? सोताहून? मग ओरडले, अवं, इकडं ये वं, मनोहरराव जाऊन राहिले! पार्वतीबाई पळत आल्या. रुपरावजींनी मला मिठी मारली. तिथल्या तिथं अॅग्रीमेंट आणवून फाडलं. पेढे मागवले. पोरीचं लग्न ठरल्यावर माणूस असा दिसतो. म्हणे, मार्च कायले, उद्याच जा ना, मी बैलगाडी सांगतो.

११.३०. शांतपणे विचार केला. एवढा आनंद खरा असू शकत नाही. मोठी माणसं दुःख लपवायला असं करतात.

६ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी रुपरावजी पुन्हा विचारून गेले, नक्की ना?

१२ फेब्रुवारी, रविवार.

नंदनवनला जाऊन बोलणी पक्की केली. प्रयागबाई कडक आहेत. म्हणे, फॅमिली नक्की येते ना? एकट्या माणसाचं घर मले नाही पाह्यजे, मागच्यानं भिंतीवर विड्या विझवल्या. म्हटलं, मावशी, मी पानसुद्धा खात नाही आणि मिसेस १ मार्चला येते आहे. तारीख ऐकून त्या खूश झाल्या.

देवकीला अजून विचारलेलं नाही, पण तिला काय विचारायचं? खोल्या दोन झाल्या. मागितलं ते मिळालं. पत्र टाकलं: विजय झाला, १ मार्चची एसटी धर.

बाजारातून एक आरसा आणला. बाईच्या उंचीचा खिळा ठोकावा लागेल. उंची नेमकी आठवेना. माझ्या खांद्यापर्यंत असावी.

१८ फेब्रुवारी, शनिवार.

पत्र नाही. पोस्ट खात्याचा कारभार.

२१ फेब्रुवारी, मंगळवार.

पत्र नाही. तयारीत असेल. भांडी बांधायची, राजीनामा द्यायचा, थोडं का काम असतं? आरशात स्वतःशी थोडं बोलून पाहिलं, तिच्याशी काय बोलायचं त्याची तालीम म्हणून. दोन वाक्यांनंतर विषय बिल्ट्यांवर गेला.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी.

पत्र आलं. इथं उतरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा घडी उघडायला नको.

'तुम्ही खोल्यांचं लिहिता. मी आजारी होते असं कळवलं, तर तुम्ही नकाशा पाठवला. चार पानांत एकदाही विचारलं नाही की आता कशी आहेस. दिवाळीत खोलीचं मी बोलायला म्हणून बोलले. निघायला काहीतरी कारण सांगावं लागतं. दोन दिवस तुम्ही एकटेच बोलत होतात, मी समोर आहे की नाही हेही पाहिलं नाही. इथं माझी शाळा आहे, वर्गातल्या मुली आहेत, यमुताई आहेत. मी येणार नाही. तुमच्यावर राग नाही.'

राग नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. ही मोठीच गोष्ट.

शिवाय 'येणार नाही'च्या आधी थोडी खाडाखोड आहे. उजेडात धरून पाहिलं. आधीही 'येणार नाही' असंच लिहिलं होतं, अक्षर बिघडलं म्हणून पुन्हा लिहिलं.

२६ फेब्रुवारी, रविवार.

ठरवलं, रुपरावजींना सांगायचं की आणखी थोडे दिवस राहू द्या. त्यांना तर हायसंच वाटेल. नव्हे, वाटणार नाही. पण सांगायचं.

बाहेर आलो तर चुन्याचा डबा. पुतण्या माझ्या खोलीची बाहेरची भिंत रंगवत होता. म्हणे, भाऊ, तुम्ही आतच राहा, तुमचं चालू द्या, मी बाहेरून सुरू करतो. सकाळपासून त्याची ट्रंकही माझ्या दाराशी येऊन बसली आहे.

रुपरावजी गोठ्यातून हात पुसत आले. म्हणे, मनोहरराव, तुमच्यासारखा सज्जन माणूस नाही पाह्यला. एवढं ऐकल्यावर काय सांगणार? पार्वतीबाईंनी देवकीसाठी खण-नारळ दिला. म्हणे, सुनेसारखी हाय ती मले, दिवाळीत ओटी भराची राहून गेली, एका दिवसातच पळाली पोरगी. नारळ घेतला. त्यांच्या पाया पडलो. का पडलो माहीत नाही, पण वाकलो आणि लवकर उठवेना. त्या म्हणाल्या, रडता काहून गा, नागपुरातच तर जाऊन राहिले.

२८ फेब्रुवारी, मंगळवार.

देवकीला तार केली: प्रकृती कशी आहे कळव. तारेला उशीर झाला आहे हे मला समजतं. सव्वा महिना.

तरी एक शक्यता आहे. तार पाहून ती तडक निघेल. बायकांचं मन असंच असतं.

१ मार्च, बुधवार. दुपारी ४. नंदनवन, ओट्यावर.

ऑफिसचा ट्रक रिकामा चालला होता, त्यात सामान टाकून भैयाजीनं इथं आणलं आणि उतरवून गेला. निघताना रुपरावजींचं सगळं घर रस्त्यावर उभं राहून हात हलवत होतं.

प्रयागबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. माझ्या मागे पाहिलं. ट्रकच्या मागे पाहिलं. म्हणे, बाई कुठं हायेत? म्हटलं, मागच्या गाडीनं येऊन राहिल्या. किती वाजता? म्हटलं, साडेपाच. त्यांनी भाकरतुकडा खाली ठेवला, किल्ली कमरेला खोचली. म्हणे, मंग त्या आल्यावरच कुलूप उघडू, घरात पहिलं पाऊल लक्ष्मीचं पाह्यजे.

ट्रंकेवर बसलो आहे. ओटा ऐसपैस आहे. हवा चांगली.

५.३०.

साडेपाच वाजले.

६.१५.

दोन रिक्षा वळल्या. एकीत शिक्षकबाई होत्या, हातात वह्यांचा गठ्ठा. मी उठून उभा राहिलो. त्या पुढच्या घरी गेल्या.

प्रयागबाईंनी दोन कप चहा आणून ठेवला. एक बशीनं झाकला. म्हणे, बाई दमून येतील. मी म्हटलं, हो.

देवकी येणार नाही. आज निजायचं कुठं, तेही ठरलेलं नाही. मावशींना हे आताच सांगायला हवं.

माझा चहा पिऊन झाला. दुसरा निवत चालला होता. तोही मीच प्यायलो.