तीथ नसलेला आठवडा

२ एप्रिल
शेवटच्या वर्षाची ज्युरी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांसमोर मॉडेल मांडायची परीक्षा, १६ला ठरवली. आधी कॅलेंडर बघितलं. त्या आठवड्यात लग्नाची तीथ नाही. आमचा स्टुडिओ म्हणजे संस्थेचं मंगल कार्यालय, त्यामुळे आर्किटेक्चरचं वेळापत्रक विद्यापीठ नाही, पंचांग ठरवतं. तीथ आली की टेबलं मागच्या शेडमध्ये. दुसऱ्या दिवशी अक्षता झाडायच्या आणि शिकवायला लागायचं.

५ एप्रिल
मॉडेल्स पाहिली. सगळी पोत्यात मावतील एवढी. कुणाची शाळा, कुणाचा दवाखाना. अंगण नाही, झाड नाही, समोरचा रस्ता नाही. विचारलं तर, "उचलावं लागते ना मॅडम."
पाच वर्षांत एवढंच शिकवलं आम्ही. फार वाईट वाटलं.
धाड गावच्या पल्लवीला म्हटलं, तू तरी मोठं कर. तिचा विषय गावचा आठवडी बाजार. नुसत्या शेडा करून बाजार कसा कळणार?
"हॉल खाली राह्यते का पन?"
"राहील. तीथ नाहीये." शब्द दिला.

११ एप्रिल
पल्लवीने दोन टेबलं जोडली. नाला, एसटीचा थांबा, कडुलिंबाची झाडं. सावली सरकेल तशा सरकणाऱ्या भाजीवाल्या. पोरं मॉडेलभोवती फिरत होती, वाकून बघत होती, भांडत होती. मी फळ्याकडे गेलेच नाही. नोकरी लागल्यापासून असं शिकवलं नव्हतं.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. तरी पल्लवी मिरवणुकीआधी येऊन दोन झाडं चिकटवून गेली म्हणे.

१५ एप्रिल
हॉलच्या दाराला केळीचे खांब! संस्थेच्या सचिवसाहेबांच्या पुतण्याचं आज लग्न.
हॉल सांभाळणारे गजाननभाऊ: "काढीव मुहूर्त हाय मॅडम. कॅलेंडर कोन पाह्यते आता? पोराले सुट्टी भेटली, काढला."
"मला का नाही सांगितलं?"
"मलेच काल समजलं न बाप्पा."
बाकीची मॉडेल्स पोत्यांत घालून शेडमध्ये, धड. बाजार शेडच्या दारातून जाईना. डेकोरेशनवाल्यांनी मधोमध मोडला. अर्धा आत. बाहेरच्या अर्ध्यावर आचाऱ्याच्या पराती.
मी आर्किटेक्ट. शेडचं दार मोजलं नाही.
पल्लवी रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हनलं होतं मॅडम, तीथ नाही."

१६ एप्रिल
ज्युरी. तिने उरलेला अर्धा मांडला. नाला आहे, थांबा गेला. बाहेरचे परीक्षक म्हणाले, काम अपुरं. मी झालेलं सगळं सांगितलं. "वाईट वाटतं, पण दिसतं त्यालाच मार्क देणार ना?" त्यांचंही खरंच. नापास. जूनमध्ये पुन्हा.
सचिवसाहेब पेढे घेऊन आले. "पोरायले लहानच करायले सांगत जा मॅडम. झंझटच नाही." पेढा हातात तसाच राहिला. बोलायला हवं होतं. राजीनामा लिहावा का... घरी काय सांगू.

२ मे
पल्लवी तिचा अर्धा बाजार न्यायला आली. भाजीचं तेल पुठ्ठ्यात मुरलंय.
"पुन्हा करशील?"
"करतो न."
"केवढं?"
तिने माझ्याकडे टेप मागितली. बरं वाटलं, म्हटलं मोडलेल्या बाजाराची मापं घेतेय. ती शेडकडे गेली आणि दार मोजायला लागली. एकटीला टेपची दोन्ही टोकं धरता येईनात.
मी दुसरं टोक धरलं.