नाक्याच्या अलीकडे संपवायचं

रेनमार्क
३ जून

चि. फोतिनी हिस,
तुझ्या आजीचे, याया असिमिनाचे, पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक, माझा गुडघा सोडून.

बाळाचा फोटो मिळाला. दोन दात! आठव्या महिन्यात दोन दात म्हणजे पोर खाणारं निघणार, आपल्या घरावर गेलं. फोटो आधी मी फ्रीजवर लावला होता. पण तुझा बाबा दूध घ्यायला येतो, दार न उघडता नुसता उभाच राहतो आणि दूध न घेताच जातो. काळी कॉफी प्यायला लागला गं तो. म्हणून काढून माझ्या एप्रनच्या खिशात ठेवला. रविवारी पाद्रीबाबांना दाखवला, खाटकाला दाखवला, दातांच्या डॉक्टरीणबाईंनाही दाखवला. त्यांचं तर कामच ते. म्हणाल्या, दात छान आहेत.

आता मुख्य बातमी, मघापासून हात शिवशिवतोय. मी येतेय! तुझा बाबा पांतेलिस मला गाडीने आणून सोडणार. मी भांडले नाही, रडले नाही. एवढंच म्हटलं की मी ब्याऐंशीची झाले, पणतू बघितल्याशिवाय गेले तर तुझं तू बघ. तुझ्या आईने भांडी घासता घासता नळ बंद केला, म्हणजे ऐकायला. हा उठून बागेतली मोटर बघायला गेला आणि तासाभराने येऊन म्हणाला, जुलैचा पहिला सोमवार, पण नाक्यापर्यंतच.

नाक्यापर्यंतच म्हणजे काय, तर राज्याच्या हद्दीवर तू जिथे लोकांच्या गाड्यांत फळं-भाज्या तपासतेस तिथे मला उतरवणार, तुझ्या नवऱ्याने, वॉरनने, येऊन मला न्यायचं, आणि हा तोंड फिरवून परत. तेराशे किलोमीटर गाडी हाकायची आणि लेकीच्या दाराच्या शेवटच्या बारा किलोमीटरला पाय अडायचा! चार वर्षं झाली त्या पीचला. झाड माझं, अळ्या फळमाशीच्या, सरकारला फोन तू केलास, आणि तोंड फुगलं याचं. आसपासच्या सगळ्या बागांची संत्री विक्रीबंदीत अडकली हे खरं. पण ती अंडी काय तू घातली होतीस?

ते असो. खाण्याचं बोलू. दोन दिवसांचा रस्ता आहे. घरची संत्री एक पोतं, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, बटाटे, शेजारच्या सोतिरीच्या पोळ्यांचा मध, अक्रोड, पालक-चीज भरून भाजलेली पीता, ऑलिव्ह आणि लिंबं घेते. तुमच्या नाक्यावर यातलं काय चालतं ते लिही. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं पांतेलिसला.

दोन्ही दातांना एकेक पापा. म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी याया


यूक्ला
१२ जून

ती. याया हिस फोतिनीचा शि. सा. न. वि. वि.

तू येतेस हे वाचून मी वॉरनला मिठी मारली, तो बिचारा बाळाची लंगोटी बदलत होता. आता तुझं पोतं. याया, घरच्या झाडाचं काहीही आवाराबाहेर काढायचं नाही, एक लिंबूसुद्धा नाही. रेनमार्क अजून फळमाशीच्या पट्ट्यात आहे, तुला माहीत असून विचारतेस. संत्री हवीत तर पोर्ट ऑगस्टाच्या दुकानातून घे, पावती जपून ठेव आणि नलरबॉरच्या माळावर संपव. कोशिंबीर चिरली, मीठ लावलं, तेल घातलं तरी कच्चीच. मध बाटलीतला नाही, बिस्किटात भाजलेला चालेल. अक्रोड, कच्चे बटाटे नाहीत, शिजवून आण. पीता आण, दोन आण. ऑलिव्ह मुरलेले आहेत, हरकत नाही. थोडक्यात, जे विस्तवावरून गेलंय ते ये म्हणायचं. ज्यात अळी राहू शकते किंवा जे मातीत रुजू शकतं ते नाक्याच्या अलीकडे संपवायचं.

दुसरं सांगायचं ते अवघड आहे. तुम्ही पोचाल त्या मंगळवारी दुपारची पाळी माझी आहे. बदलून मागितली, मिळाली नाही. प्रश्न मला विचारावे लागतील आणि उत्तर गाडी चालवणाऱ्याला द्यावं लागतं. म्हणजे बाबांना. मी दिवसाला किती गाड्यांना तेच विचारते, पण त्या गाड्यांत बाबा नसतात. एकच मागणं आहे. गाडीत काही राहू देऊ नकोस. बाबांसमोर त्यांच्याच गाडीतून काही काढून घ्यायची वेळ माझ्यावर आणू नकोस. एकदा झालं तेवढं पुरे.

आमचं घड्याळ तुमच्या पाऊण तास मागे असतं, विसरू नकोस. बाबांना काय लिहावं कळत नाही. आईला पापा. माझ्यावर रागावलीस तरी प्रेम चालू ठेव.
तुझी फोतिनी


रेनमार्क
२१ जून

चि. फोतिनी हिस यायाचे आशीर्वाद विशेष. वि. वि.

उत्तर गाडी चालवणाऱ्याने द्यायचं हे वाचून मी इतकी हरखले की पीठ मळायचं सोडून तुझ्या आईला शोधत पॅकिंग शेडपर्यंत गेले, गुडघ्यासकट. चार वर्षांत जे मला जमलं नाही, पाद्रीबाबांना जमलं नाही, ते सरकारने एका प्रश्नात करून ठेवलंय. तू विचारणार आणि त्याला बोलावं लागणार! पाळी मुळीच बदलू नकोस.

आता माझं ठरलंय ते ऐक. सोमवारी पहाटे निघण्याआधी कोशिंबीर घरीच खायची. पांतेलिस म्हणतो, सकाळी सहाला काकडी कोण खातं? मी म्हटलं, ज्याला नाका ओलांडायचाय तो खातो. त्यावर म्हणाला, मी कुठे ओलांडतोय? मी ऐकू न आल्यासारखं केलं, वयाचा तेवढा तरी फायदा. दुपारी पोर्ट ऑगस्टाला भात भरलेले भाजके टोमॅटो. तिथेच दुकानातून संत्री घ्यायची. संत्र्याच्या बागवाल्याच्या आईने विकतची संत्री घ्यायची, आणि वर पावती मागायची! कुणी ओळखीचं भेटू नये एवढीच प्रार्थना. सेदुनाला मुक्काम, तिथे लिंबातले भाजलेले बटाटे. मंगळवारी सकाळी उकडलेली अंडी, मग माळावर उरलेली संत्री, सालं तिथल्याच डब्यात, आणि पुढे नाक्यापर्यंत नुसती पीता. अडचण एकच, तुझ्या बाबाला कच्च्या कांद्याशिवाय घास उतरत नाही. म्हणून कांदे मोजून चार घेते आणि चौथा नलरबॉरला त्याच्या तोंडात कोंबते.

बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. बाळाला निळी बंडी विणली ती एकदा लहान वाटते, एकदा मोठी. पायाला भिंगरी लागली आहे. काल तर चर्चला निघाले आणि बस स्टँडवर पोचले.

एक गोष्ट मात्र मला टोचते. परवा मी पालक निवडत होते, तो शेजारी बसला आणि आपणहून बोलला. म्हणाला, फोनचा राग नाही, फोन करायलाच हवा होता. राग हा की पोरीने बापाला आधी सांगितलं नाही. तो कॉफीच्या दुकानात पत्ते खेळत होता आणि आपल्या फाटकात सरकारी गाडी आली हे त्याला शेजारच्या टेबलावरून कळलं. का गं नाही सांगितलंस? मला गोड नको, खरं लिही.

लोभ आहेच, त्याला मुंग्या लागू देऊ नकोस.
याया


यूक्ला
२७ जून

ती. याया, शि. सा. न. वि. वि.

खरं विचारलंस म्हणून खरं लिहिते. त्या दिवशी पीच चिरला आणि अळ्या दिसल्या तेव्हा मी आधी बाबांकडेच निघाले होते. तो कापलेला पीच हातात धरून कॉफीच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेले. काचेतून ते दिसत होते, हसत होते. संत्र्यांची तोडणी तोंडावर होती. मला वाटलं, आत गेले आणि ते म्हणाले, उद्या बघू, तर? मग मला आयुष्यभर माहीत असतं की माझे बाबा उद्या बघू म्हणाले. ते कळून घ्यायची हिंमत झाली नाही. म्हणून परत फिरले आणि फोन केला. त्यांच्यावर विश्वास ठेवायला हवा होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. सांगायला मात्र चार वर्षं झाली आणि तेही तुला सांगतेय.

हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही, तू ठरव. मंगळवारी नाक्यावर आहेच. जशी आहे तशी पदरात घे.
फोतिनी


यूक्ला
१२ जुलै

चि. सौ. कालियोपी सूनबाई हिस सासूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर नुसतं पोचलो म्हटलं कारण पांतेलिस समोरच बसला होता. तू पोरीची आई, तुला सगळं कळायला हवं.

नलरबॉरचा पेट्रोल पंप सोडेपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. चौथा कांदा त्याने मुकाट खाल्ला, डोळ्यांत पाणी आणून. पुढे नुसता माळच माळ, झाड नाही, झुडूप नाही, आणि गाडी चालवणारा माणूस कुठे पळून जाणार? मी फोतिनीचं पत्र काढलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं. माझं दोन यत्तांचं वाचन, एकेक अक्षर. संपल्यावर म्हणाला, मी फोन केला असता. मी म्हटलं, हो रे. मग आणखी पुष्कळ रस्ता गेल्यावर, मी पेंगत होते तेव्हा, म्हणाला, दुसऱ्या दिवशी केला असता, आई.

नाक्यावर ती उभी होती, गणवेशात, वाळलेली. खिडकीशी वाकली. गाडीत फळं, भाज्या, मध, बिया, काही आहे का, असं तिने विचारलं, अगदी परक्याला विचारावं तसं. हा समोर बघत म्हणाला, काही नाही. दोनच शब्द, पण बोलला! मी मागच्या सीटवर क्रूसाची खूण करत होते. मग तिने डिकी उघडली, डबे पाहिले, पीतेचा वास घेतला आणि हसली. आणि सूनबाई, ती निळी बंडी दिसली म्हणून तिने प्रेमाने उचलून गालाला लावली. तशीच थांबली. बोटांनी काखेची शिवण चाचपू लागली.

अगं, लसूण! बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मी आतून तीन पाकळ्या शिवल्या होत्या. पांतेलिसच्या वेळी शिवल्या, फोतिनीच्या वेळी शिवल्या, हात आपोआप चालले. खायचा लसूण तो भाजी, हे मला ठाऊक. हा काही खायचा नव्हता, मग मला आठवावा कसा? तिने चाचपताच ओळखलं, तिच्याही बंडीत होताच ना. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बंडी खाली ठेवली असती तर देवाखेरीज कुणाला कळलं नसतं. याने काही नाही म्हणून सांगितलेलं, आता लेकीपुढे खोटारडा ठरणार, आणि तोही माझ्यामुळे.

मी उतरून ओरडणार तोवर ती बंडी घेऊन त्याच्या खिडकीशी गेली. म्हणाली, बाबा, यात लसूण आहे. मला तो काढून घ्यावा लागेल आणि तुमच्या नावावर लिहावं लागेल. अजून लिहिलं नाही, आधी तुम्हाला सांगायला आले. हा तिच्याकडे बघत राहिला, चार वर्षांचं एकदम बघून घेत असल्यासारखा. मग म्हणाला, लिही. पूर्ण नाव लिही, स्पेलिंग मी सांगतो. आणि खिशातला चाकू काढून बंडीची शिवण त्याने स्वतः उसवली, एकेक पाकळी तिच्या हातमोज्यावर ठेवली. तिने लिहिलं, ताकीद दिली, याने सही केली. मग दोघंही रडले. मी नाही रडले, मी मागच्या गाडीवाल्याला थोपवत होते. तो हॉर्न वाजवत होता मेला.

वॉरन मला न्यायला येऊन उभा होता. पांतेलिसने मागे वळायची खूणही केली नाही. वॉरनच्या गाडीमागून थेट इथे आला.

बाळ त्याच्या मिशीला लोंबकळतं. दृष्टीचं म्हणशील तर फोतिनीने निळा मणी आणलाय, तो काचेचा आहे, त्यात अळी होत नाही.

आता कामाचं. तो तुला रोज फोनवर सांगतो ना, की इंजिनाचा पट्टा तुटलाय आणि नवा पर्थहून यायचाय? सूनबाई, गाडी ठणठणीत आहे. रोज सकाळी तो आणि वॉरन बाळाला घेऊन बॉनेट उघडून उभे राहतात, आत बघतात आणि बंद करतात. वॉरन स्वतः मेकॅनिक, पण तोही मान हलवतो, गुणाचा माणूस. तेव्हा तोडणीला तुझ्या भावाला बोलावून घे आणि पांतेलिसचे दोन जाड शर्ट कुणा ट्रकवाल्याबरोबर पाठव. फोन आला की पट्टा कधी येतोय असं अधूनमधून काळजीने विचारत जा, नाहीतर त्याला वाटेल आपल्याला कळलं.

सासूवरचा जीव असाच राहू दे, माझा तुझ्यावर आहेच.
तुझी सासू
असिमिना