दादांनी दाखवलेला ओढा

१२ ऑगस्ट १९६४
वस्तीत गुडघाभर पाणी. आठपैकी सात घरांत. आमचंच कोरडं — दादांनी जोतं उंच घेतलंय. शेजारच्या साळूमावशींचं पीठ भिजलं. उरलेलं आमच्याकडे आणून ठेवलं तर म्हणाल्या, "तुमाला काय बया, तुमी डोंगरावर." हसल्या, पण नीट नाही.

पाणी वरच्या अंगाच्या बागायतदार हंबीररावांच्या उसातून आलं. तिथला ओढा त्यांनी बुजवून नांगरलाय. ओढा सरकारी, तो कोणालाच बुजवता येत नाही. मी पंचायत समितीत कारकून आहे, एवढं तरी वाचलंय. अर्ज करणार.

१९ ऑगस्ट
इस्लामपूरला मामलेदार कचेरीत अर्ज दिला. पोच घेतली, शिक्क्यासकट.

३ सप्टेंबर
हंबीरराव आले. दारातच उभे. "यल्लाप्पा, पोरगीला बी.ए. केलंस. आता ती गावाला शाळा शिकवतीया व्हय रं?" दादांनी घोंगडं अंथरलं. मी म्हटलं, "काका, बसा की. चहा टाकते." बसले नाहीत. चहाचं तर विचारायलाच नको.

१४ नोव्हेंबर
गावनकाशा सापडला — आणि नेमका घडीवर फाटलेला! उसापासून खालचा सगळा ओढा गेलाय. मोजणीदार म्हणाले, "जुना माहितगार माणूस रेघ दाखवील तर खुंट्या ठोकू."

माहितगार म्हणजे दादाच. शिवेचा तंटा झाला की गाव त्यांना पुढं घालायचं. महारानं दाखवली ती शीव खरी. त्या दिवसापुरतं खरं, एरवी वेशीबाहेर.

दादा म्हणाले, "गावकी सोडली मी. धम्म घेतला तवाच गावकीची काठी इहिरीत टाकली. आता कुनाची रेघ दावत न्हाई."

पटलं. तरी म्हटलं, "गावासाठी नको, साळूमावशींसाठी दाखवा. आणि गाव नाही, कायदा विचारतोय."

जेवले नाहीत.

२० नोव्हेंबर
दादा मी उठायच्या आत घराबाहेर पडतात. आई म्हणते, "नगं पिळूस त्यास्नी." अर्ज मागं घेणार नाही.

३ डिसेंबर
मोजणी. मोजणीदार, हंबीरराव, सगळी वस्ती. मला वाटलं दादा येणारच नाहीत. आले — पायात चपला. पूर्वी हे काम अनवाणी करावं लागे.

उसात शिरले. बोट दाखवतील तिथं खुंटी. हंबीरराव म्हणाले, "शपथेवर सांगतोस?"

"शपत कशाला? हातभर खणा. गोटे घावतील."

खणलं. पाण्यानं घासलेले गोल गोटे. हंबीरराव मिशी चावत राहिले.

ऊस संपला. मोजणीदारांनी साखळी गोळा करायला घेतली. दादा थांबले नाहीत.

४ डिसेंबर
शेवटची खुंटी आमच्या चुलीमागं आहे. दादांनी स्वतः ठोकली.

अठ्ठावन्न साली ओढ्यात भर घालून त्यांनी हे घर बांधलं. मी साताऱ्याला बोर्डिंगात होते. वरून आलेलं पाणी आमच्या जोत्याला अडतं आणि सात घरांत शिरतं. वस्तीला माहीत होतं. साळूमावशी म्हणाल्या, "वस्तीतली येकच पोर शिकत हुती. तुजं शिकून हुस्तवर कोन बोलनार हुतं गं?"

मी पुरवणी अर्जात, ओढा बुजवणाऱ्यांत, हंबीररावांच्या नावाखाली यल्लाप्पांचं नाव लिहिलं. दादांनी जबाबावर सही केली. मी शिकवलेली, वळणदार.