बसायचा कार्यक्रम

७ जाने., बुध.

महिन्याभराच्या कोर्सची परदेशी पोरं सुखरूप आली. एकीची बॅग पनवेललाच राहिली, बाकी सगळं ठीक. त्यांना स्टेशनवरून हॉस्टेलवर सोडून थेट ऑफिसात गेले आणि वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. 'घरोघरचं आरोग्य', आणि त्याच्यासमोर माझं नाव! गेली तीन वर्षं ते याच कागदाच्या तळाला असायचं, 'गाडी, पाणी, जेवण यांसाठी संपर्क'. आज शिक्षकांच्या रांगेत. पाणी प्यायच्या निमित्ताने उठून परत परत बघून आले.

सुहास म्हणाला, "फ्रेम करून लाव." नवऱ्याला दुसरं काय सुचणार.

लिंडाचा फोन. सगळा प्रोग्रॅम तिच्या हातात. ती तो तिकडच्या युनिव्हर्सिटीतून चालवते, इथे येणार शेवटच्या आठवड्यात. म्हणाली, हे वर्ष चाचणीचं. कोर्स जमला तर पुढच्या वर्षीही तुझाच, नाही जमला तर दुसऱ्या गावी हलवू.

"आणि मी?"

"तू गाड्या फार छान सांभाळतेस."

मेली! हसले, पण लागलं. नर्सिंग कॉलेजात इतकी वर्षं शिकवलंय मी. आता पुन्हा ड्रायव्हरांचे नंबर नाही सांभाळायचे.

९ जाने., शुक्र.

पहिला तास!! सुरुवातीला आवाज चढला होता, मग सापडला. प्रस्तावना उरकून सरळ बी.पी.च्या मशीनवर आले. पुढच्या आठवड्यात वाडीत घरोघर मोजायचंय, तेव्हा नियम पाठ हवेत. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, बोलणं बंद. एकमेकांवर सराव. टोबी (सहा फुटांच्या वर, तीन दारांना डोकं आपटून झालंय) खुर्चीत मावेना. नोरा प्रश्नांवर प्रश्न. अशी मुलगी वर्गात असली की मलाच हुरूप येतो.

घसा बसलाय. फार मजा आली.

१३ जाने., मंगळ.

वाडीत पहिला दिवस. मालगुंडच्या अलीकडे, उतारावर घरं, खाली समुद्र. पुढे रेश्मा, तिथली आशा सेविका, मागे आमची वरात. स्वागत काय झालं! प्रत्येक घरी पाणी, मग सरबत, मग चहा, उद्या संक्रांत म्हणून वर तिळाचे लाडू. टोबीला नाही म्हणता येत नाही. दुपारपर्यंत त्याचा चेहरा हिरवा.

विमलकाकींच्या घरी तर गंमतच. आत-बाहेर करता करताच त्यांनी हात पुढे केला, "घ्या काय ता बगून. दूद उतू जाईल माजा."

माझा घसा पार गेला, पण पाय जमिनीवर नाहीत.

१५ जाने., गुरु.

आकडे मांडले. माझा विश्वास बसेना, पुन्हा मांडले. वाडीतल्या पुरुषांचं बी.पी. ठीकठाक, आणि बायकांचं जवळजवळ सगळ्यांचं वर! म्हाताऱ्या सोडा, पस्तिशीतल्यासुद्धा. एकाच घरात, एकाच ताटातलं जेवणाऱ्या नवरा-बायकोत एवढा फरक. हे कुणी पाहिलं होतं का आधी? आम्ही पाहिलं!

लगेच लिंडाला पाठवलं. तासाभरात तिचा फोन. "हे विलक्षण आहे. मी समितीपुढे ठेवते. आता तुझ्या कोर्सला कोण हात लावतंय बघू."

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या नाचले. सुहासने दुकानातून आल्या आल्या ते पाहिलं आणि हात धुवायला गेला.

पोरांनी घरोघर जाऊन बायकांना मीठ कमी करायला सांगितलं. गुणी आहेत.

१७ जाने., शनि.

रेश्माचा फोन. वाडीत हाहाकार. बायकांनी लोणचं, पापड आणि सुकी मासळी सगळं बंद केलंय. पुरुष वैतागलेत. एकीचा मुलगा मुंबईहून रजा टाकून निघालाय, आईला तिकडे मोठ्या डॉक्टरला दाखवायला. रेश्मा म्हणाली, "सुकाट नाय तर जेवायचा काय, सांगा तुमी."

म्हटलं, होईल सवय. जरा तोऱ्यातच म्हटलं.

१८ जाने., रवि.

नोरा, टोबी आणि आणखी दोघं जेवायला. सुरमई, आंबोळ्या, सोलकढी. टोबीला काटे काढून दिले. जेवणं झाल्यावर नोराने बॅगेतून मशीन काढलं, "मॅडम, तुमचं घेऊ?"

मी हात दिला. वर! चांगलंच वर. सुहासचं घेतलं, एकदम शहाण्यासारखं. टोबी म्हणाला, बघा, तुमच्याही घरात तेच निघालं. त्यांना माझं बी.पी. म्हणजे आमच्या शोधाला आणखी एक पुरावा वाटला. मलाही आधी तसंच वाटलं. मग भांडी आवरताना लक्षात आलं. मला कधी बी.पी. नव्हतं. आईला होतं, शेवटी शेवटी...

उद्या दाखवून येते.

१९ जाने., सोम.

नर्सिंग कॉलेजातल्या मैत्रिणीच्या दवाखान्यात गेले. गर्दी होती, बाकावर बसून राहिले. मग तिने मोजलं. नॉर्मल. "परत घे." परत तेच. "काय झालंय तुला? घोड्यासारखी ठणठणीत आहेस."

आनंद व्हायला हवा होता. भाट्याच्या पुलावर आले आणि स्कूटर बाजूला घेतली. काल मी बसले होते कुठे? वाढत होते, आंबोळ्या घालत होते, पदराला हात पुसून नोरासमोर हात धरला. सुहास बसला होता. पाहुणे बसले होते. मी नाही!

आणि वाडीत?

बाजूने ट्रक जात होते आणि मी "अगं बाई, अगं बाई" म्हणत उभी.

२० जाने., मंगळ.

नोराला घेऊन वाडीत. काही मोजायचं नाही, फक्त बघायचं, ठरवून. पहिल्या घरी "बसा हो" म्हणून बाई आत गेली ती पाणी घेऊन आली, परत आत, कप, परत आत, साखर. मध्येच येऊन टेकली, तीही अर्धी, उंबऱ्यावर. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी नोरा माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, पाच मिनिटं आपण बसलो होतो."

तेच तर! मोबाइलवर वेळ लावून पोरं बसली. त्यांना यजमानीणबाईला "तुम्ही बसा" म्हणणं उद्धटपणाचं वाटलं. आणि मला दिसलंच नाही. बाई उभी असते हे माझ्या डोळ्यांना इतकं सवयीचं, की नजर तिच्यावर थांबलीच नाही. पाहुणे घरात शिरले की तिचं काळीज पळायला लागतं आणि आम्ही पळतं काळीज मोजून आलो.

रेश्माने कपाळावर हात मारला. "मी पन तितंच होती! मना कसा दिसला नाय गो?"

वाईट वाटायला हवं. वाटतंय. पण खरं सांगायचं तर अंगात वीज आलीय. हे आधीच्यापेक्षा कितीतरी भारी आहे!

२१ जाने., बुध.

लिंडाला सांगितलं. ती म्हणाली, "मी ते समितीला पाठवलंय."

"परत मागव."

"त्याच्यावर तुझं पुढचं वर्ष उभं आहे, माहीत आहे ना? त्याच्या जागी द्यायला काय आहे तुझ्याकडे?"

"अजून काही नाही."

फोन ठेवल्यावर अंगातली वीज गेली सगळी. भिंतीवरचं वेळापत्रक नजरेला पडू नये म्हणून खुर्ची फिरवून बसले. पण मुंबईहून आलेला तो मुलगा आईला घेऊन परवा निघणार होता. त्याला फोन करून सगळं सांगितलं, माफी मागितली. तो खूप ओरडला. ओरडू दे. आईचं परत नीट मोजू म्हटलं, तेव्हा जायचं थांबला.

मोजणार कसं, ते मात्र माहीत नाही. आपल्या घरात बाई बसणार कशी?

२२ जाने., गुरु.

शेजारी हळदीकुंकू. जायचा कंटाळा होता, गेले. सतरंजीवर भिंतीला टेकून बसले, ओटी भरली, वाण मिळालं (गाळणी, चांगली आहे). आणि एकदम लक्षात आलं, मी बसलेय! हात मांडीवर, पाठ टेकलेली, आत काय उकळतंय त्याची मला फिकीर नाही. यजमानीण धावतेय, आम्ही सगळ्या बसलोय.

बाईला बसवायचं तर तिला दुसरीच्या घरी पाहुणी म्हणून न्यायचं!

वाण तसंच टाकून पळत घरी आले रेश्माला फोन करायला. मागून शेजारीण "अगो, गाळणी..." करत आली.

२३ जाने., शुक्र.

रेश्मा तयार. उद्या शनिवारी तिच्याच पडवीत बोलावते म्हणाली, आणि तिचं स्वतःचं शेजारच्या घरी मोजायचं. एकच अडचण. हळदीकुंकू म्हटलं की विमलकाकी येणार नाहीत. काका जाऊन चार वर्षं झाली. "मी कशाला मदी येऊ," म्हणाल्या म्हणे. त्यांच्यासारख्या आणखीही आहेत वाडीत.

रेश्मा स्वतः गेली त्यांच्याकडे. "काकी, हलद नाय, कुकू नाय. नुसता बसायचा कार्यक्रम हाय."

"नुसता बसायचा? आनि मंग?"

"मंग काय नाय."

काकी म्हणे खूप हसल्या. येते म्हणाल्या.

२४ जाने., शनि.

झाला!! बसायचा कार्यक्रम झाला!

पडवीत सतरंज्या, भिंतीशी खुर्च्या. बायका नव्या साड्या नेसून आल्या, कार्यक्रम तो कार्यक्रम. टोबीला चुलीपाशी उभा केला. मोजणं झाल्यावर चहा तो देणार. त्याला बघून आधीच सगळ्या फिदीफिदी. म्हटलं, आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. आणि कुणीतरी खुसकन हसलंच. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा कुणाला तरी शिंक. तिसऱ्यांदा जमलं.

काय शांतता होती ती. लाटांचा आवाज वरपर्यंत येत होता. एकीला चक्क डोळा लागला. एक जण, तिशीची असेल, मोजून झाल्यावर उठेचना. "ऱ्हाऊ दे गो जरा. घरात अशी कवा बसलंय, आटवत पन नाय." मला रडू आलं. टोबीचा चहा पाणचट होता, सगळ्यांनी वाखाणला.

आकडे उतरले. जवळजवळ सगळ्यांचे! मुंबईवाल्या मुलाच्या आईचाही. त्याने माझा हात हातात घेतला. घरोघर सुकी मासळी परत बाहेर निघाली असणार.

विमलकाकींचा उतरला नाही.

थांबून पुन्हा घेतला. तसाच. त्या म्हणाल्या, "माजा ता पयल्यापासून हाय. मधे गोल्या सोडलेल्या. आता सगल्यांनाच हाय म्हनलात, तर म्हटला, मला एकटीला काय होतंय."

आमच्या चुकीच्या गर्दीत काकी लपून गेल्या असत्या.

२६ जाने., सोम.

सरकारी सुट्टी, पण डॉक्टर भेटले. काकींना घेऊन रेश्मा आणि मी. गोळ्या पुन्हा सुरू. येताना काकी गाडीत आंब्यांच्या मोहोराबद्दल बोलत राहिल्या. गोळ्यांचं विचारलं की खिडकीबाहेर बघायच्या. रेश्मा रोज डोकावणार आहे.

सगळं लिहून लिंडाला पाठवलं. पहिले आकडे, दुसरे आकडे, काकी. कुठेही सारवासारव केली नाही.

३० जाने., शुक्र.

लिंडा आली. सरळ वाडीत घेऊन गेले. आज बैठक दुसऱ्या पडवीत. बायकांनी आपणच ठरवलेली. लिंडालाही बसवलं. तिला पाच मिनिटं गप्प बसवत नव्हतं, फोनकडे हात जाई, रेश्माने तो काढून घेतला! मी डोळे मिटले, म्हटलं गेलं पुढचं वर्ष. लिंडा हसली.

परतीच्या वाटेवर बोलली. समितीला नवा शोध हवा होता, आता त्यांच्यापुढे आपल्या चुकीची गोष्ट जाणार. दुसऱ्या एका गावाने पुढच्या वर्षी याच महिन्यासाठी मागणी केलीय, त्यांचं सगळं तयार आहे.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं, कोर्स जमला की नाही हे मी अनेक वर्षं उलटं मोजत आलेय. पण समिती म्हणजे मी नव्हे. खरं सांगू? मला माहीत नाही."

यापेक्षा गोड खोटं चाललं असतं आज.

२ फेब्रु., सोम.

पोरं गेली. नोरा स्टेशनवर गळ्यात पडली. टोबीने डब्याच्या दाराला शेवटचं डोकं आपटलं. ऑफिस ओकंबोकं. मशीनं खोक्यात भरली, ती परवा कुरिअरने जाणार. वेळापत्रक काढताना कोपरा फाटला.

४ फेब्रु., बुध.

सकाळी रेश्माचा फोन. "शनवारी विमलकाकींकरं बसताव. येताव ना?"

"अगं, आमचा प्रोग्रॅम संपला."

"तुमचा संपला. आमचा कुटं संपलाय?" मागून काकींचा आवाज आला, चाय मी करनार नाय हां, पावन्यांनी करायचा.

आता काय, मोजायला मशीन तर हवं. धीर करून लिंडाला निरोप टाकला, खोक्यातलं एक ठेवून घेऊ का. कोर्सचं काही विचारलं नाही. दिवसभर दर दोन मिनिटांनी फोन बघत होते. सुहास म्हणाला, आता मोज स्वतःचं, बघ कुठे जातंय.

आत्ता उत्तर आलं. पुढच्या वर्षाबद्दल एक अक्षर नाही. एवढंच, 'एक नको, दोन ठेव.'

दोन! वर्ग नसताना एकटी बाई दोन मशीनं घेऊन काय करणार, हे काय तिला कळत नाही?